कान फुटला नव्हता

पहिली थप्पड मला ऐकू आली. दुसरी आली नाही.

मी आठ वर्षांचा होतो. आम्ही पिंजारी. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून भूम, ईट, वाशीकडच्या गावांतून फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे, गाद्या भरून द्यायचे. त्या दिवशी आमच्याच गावच्या मालकाकडं काम होतं. मालक म्हणजे गावातली निम्मी जमीन ज्याची, तो. सगळं गाव त्याला नुसतं मालकच म्हणायचं. त्याच्या पोराच्या लग्नासाठी चार गाद्या भरायच्या होत्या. सकाळपासून मी कापूस चिवडून अब्बांपुढं ढकलत होतो. नाकातोंडात कापसाचा धुरळा. दुपारी चौथी गादी शिवून झाली आणि मी तिच्यावर डोकं टेकलं. कसं लागतं ते बघायला. आमच्या घरी गादी नव्हती. डोळा लागला.

"पिंजाऱ्या, तुझं पोरगं गादीवर निजतंय व्हय रं?"

अब्बा काही बोलायच्या आत मालकानं मला दंडाला धरून उभं केलं. उघडा पंजा, पूर्ण ताकदीनं, डाव्या कानावर. एक. मग पुन्हा तिथंच. दुसऱ्या वेळी नुसता उजेड दिसला. मी जमिनीवर पडलो होतो आणि कानातून काहीतरी गरम गळ्यावर उतरत होतं. त्यातलं थोडं गादीला लागलं.

"आता ही कोन वापरनार? उसव समदी. फिरून पिंज."

"चुकलं मालक," अब्बा म्हणाले. "नासमज हाय."

आणि त्यांनी गादी उसवली. मी शेजारी रक्ताळलेला पडून होतो आणि माझा बाप दिवस मावळेपर्यंत तोच कापूस पुन्हा पिंजत होता. मला मालकापेक्षा बापाचा राग जास्त आला. लई वर्षं तो राग मी पोसला. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती. रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशी आमची माणसंही त्यात मेली होती. अब्बांनी उभ्या जन्मात कापसाशिवाय कशाला मारलं नव्हतं, तरी त्या धास्तीनं त्यांची मान वर होत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

घरी जाताना वाटेत त्यांनी मला पढवलं. "कोई पूछे तो बोल, कान फुट्या. किसने फोड्या, नइ बोलना."

दोन महिने कान वाहत होता. लसूण घालून कढवलेलं तेल झालं, बिब्ब्याचा डाग झाला. बायका विचारायच्या, मी सांगायचो, कान फुटला. घामोळं फुटतं, टाचा फुटतात, तसा कान फुटला. करणारा कुणीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मी शिकलो. इंटर सायन्सपर्यंत रेटलं. बहिऱ्यांचे कान तपासायचे, तोतऱ्यांना आणि मुक्यांना बोलतं करायचं, याचा पदवीचा अभ्यास मुंबईत नुकताच सुरू झाला होता. मी अर्ज केला आणि निवड झाली. का केला ते विचारू नका. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दुसऱ्याच महिन्यात आम्हा मुलांना एकमेकांचे कान तपासायला लावलं. बंद खोली, डोक्याला लावायचे दोन कर्णे, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला. मग डावा. काचेपलीकडची मुलगी आवाज वाढवत होती. वाढवत गेली. मग तिनं हात थांबवला आणि सरांना बोलावलं.

सर आले. कागदावरची खाली खाली गेलेली रेघ त्यांनी सगळ्या वर्गाला दाखवली.

"एका कानाचा माणूस दुनियेचे कान तपासणार! आणि याची भाषा ऐकलीत? लई, न्हाय, व्हय. हा वाचा सुधारणार लोकांची."

वर्ग हसला. मीही हसलो. ते हसू आजही मला जाळतं.

मग माझ्याच नावाचा फॉर्म माझ्यासमोर आला. त्यात एक रकाना होता, बहिरेपणाचं कारण. मी अब्बांनी पढवलेलं लिहिलं. कान फुटला.

सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि फळ्याकडं वळले. "लिहून घ्या. खेड्यांतल्या अशा वस्त्यांमध्ये कान फुटण्याचं मुख्य कारण अस्वच्छता. अंघोळ नाही, निगा नाही, आईबापांना अक्कल नाही." बावीस जणांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं. माझी अम्मी दर जुम्म्याला मला दगडानं घासून अंघोळ घालायची. मी माझ्या हातानं तिला घाणेरडी म्हणून लिहिलं.

त्या दिवशी मला कळलं की फुटला आणि फोडला यांत फक्त व्याकरण नाही. फुटला म्हटलं की मालक सुटतो आणि माझी अम्मी सापडते.

तरी मी गप्प राहिलो. पदवी हवी होती. डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं. सरांनी मला काढलं नाही, "वागणूक बघून ठरवू" म्हणाले. दीड वर्ष मी वागणूक दाखवत राहिलो.

शेवटच्या वर्षी आमचं शिबिर निघालं. भूम तालुका. माझंच गाव. मालकानं मोठेपणानं मंडप घालून दिला होता आणि अध्यक्षही तोच होता. हार त्याला, नारळ त्याला. गावाकडची बोली इतर मुलांना कळेना म्हणून माहिती लिहायला सरांनी मला बसवलं. मालकानं मला ओळखलं नाही. पँटीतला पिंजारी त्यानं कधी पाहिला नव्हता.

दुपारी सरूबाई आली. मालकाच्या रानात राबणारी, चाळिशीची. उजव्या कानात बोळा.

"काय झालं, मावशी?"

"कान फुटलाय लेकरा."

मी दिवा लावून आत बघितलं. पडद्याला भोक. ताजं, फाटलेल्या कडांचं. रोगानं असं होत नसतं, हे सरांनीच शिकवलं होतं.

"फुटला का फोडला?"

तिची नजर मंडपातल्या खुर्चीकडं गेली आणि परत आली. "फुटला म्हनूनच लिव्ह."

मी माझा डावा कान तिच्याकडं केला. "मावशी, ह्योबी त्यांनीच फोडलाय. मी पिंजाऱ्याचा."

ती हळूच म्हणाली, "म्हशीला वैरन टाकाय उशीर झाला. चपलीनं हानलं."

मी कारणाच्या रकान्यात लिहिलं. फोडला. चपलेनं. पुढं मालकाचं नाव, बापाच्या नावासकट.

शेजारच्या मुलानं वाचलं, सरांना सांगितलं, सरांच्या मागं मालक आला. त्यानं कागद बघितला, मला बघितलं.

"पिंजाऱ्याचं ना रं तू?"

आणि हात उचलला. तोच हात. या वेळी मी मनगट धरलं आणि पिरगाळलं. तो गुडघ्यावर आला. फेटा पडला. माझा दुसरा हात वर गेला होता. त्याचा कान माझ्या पंजाच्या समोर होता आणि कुठं मारलं की पडदा फाटतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मारायचं होतं. इतकं की दात करकरत होते. नाही मारलं. दया आली म्हणून नाही. मी मारलं असतं तर तालुक्यात 'फोडला' हा शब्द माझ्याच नावापुढं लिहिला गेला असता, आणि त्याचं नाव कुठंच आलं नसतं.

मग त्याचे गडी माझ्यावर पडले. लाथा, काठ्या. एक बरगडी मोडली, ओठ फाटला. मी कागद पोटाखाली धरून पालथा पडलो होतो.

सर पुढं आले ते गडी थकल्यावर. "अपघात लिही," म्हणाले. "खोड ते. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही."

"सर, तुम्ही कान बघा तिचा."

त्यांनी कानावर हात ठेवले. "आपलं काम कान तपासण्याचं. भांडणं तपासण्याचं नाही."

दीड वर्षाची वागणूक माझ्या डोळ्यांपुढून गेली. पदवी गेली. मी सरूबाईकडं बघितलं. खोडावं असं ती म्हणाली असती तर मी खोडलं असतं. उद्या त्याच्याच रानात तिला जायचं होतं, मला नाही.

ती सगळ्यांसमोर बोलली. "पुसू नगं लेकरा. लिवलंय ते ऱ्हाऊ दे."

मी खोडलं नाही. परीक्षेच्या यादीत माझं नाव आलं नाही. सरूबाईचं काम गेलं, ती आता तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर जाते. मी तिला या आगीत ओढलं, हे मी विसरत नाही आणि कुणी मला ते माफही करू नये.

मला ते शिक्षण हवंच आहे. यंत्र माझ्या हातात हवं आहे आणि सही करायचा अधिकारही. म्हणून यंदा पुन्हा अर्ज भरला. अर्जदारास काही व्यंग आहे काय, असल्यास कारण, असं त्यात विचारलंय. मी लिहिलंय, डाव्या कानानं ऐकू येत नाही, फोडला, आणि कुणी फोडला ते नाव. ठळक शाईत. नाकारायचं असेल तर वाचून नाकारा. पुढच्या वर्षी मी हेच लिहिणार आहे.