केसरकाकूनं शिवलेलं छप्पर

किहीमला बंगला बांधलेल्या परेशशेठची उघडझाप करणाऱ्या छपराची गाडी होती. छपराचं कापड फाटलं, तेव्हा शोरूमवाले म्हणाले, "हे काम घरी होत नाही." आमच्या केसरकाकूला तेवढंच पुरलं. चाळीस वर्षं होड्यांच्या ताडपत्र्या शिवणारी कोळीण ती. तिनं गाडी आपल्या अंगणात लावून घेतली.

शेठ म्हणाले, "जुन्या कापडावरून माप घ्या."

"ते वाऱ्यानं ताणून ढिलं झालंय. त्याचं माप घेतलं तर नवंबी ढिलंच व्हईल." तिनं नवं कापड थेट लोखंडी सांगाड्यावर घातलं, दोन दिवस उन्हात ताणून ठेवलं आणि मगच कात्री लावली.

चौथ्या दिवशी छप्पर बसलं. शेठनी विचारलं, "गळलं तर?"

काकूनं सुक्या बोंबलांची टोपली उचलून गाडीच्या पांढऱ्या सीटवर ठेवली आणि काचा बंद केल्या.

शेठ ओरडले, "अहो, ते भिजले तर वास जन्मात जायचा नाही!"

"मला म्हाईत न्हाय व्हय?" काकूनं पाण्याचा पाइप त्यांच्याच हातात दिला. "मारा पाणी. घाबरता कशाला? हे काय तुमच्या शोरूमवाल्यानं शिवलंय?"