पत्ता नसलेल्या सहा खोल्या

नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात तिला सगळे टेपबाई म्हणायचे. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: पालिकेच्या मालकीचे गाळे, खोल्या, इमारती टेपनं मोजायच्या आणि नोंदवहीत लिहायच्या. कुणाकडे चहाला गेली तरी कप उचलायच्या आधी खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मापून मोकळी. "ताईला माणूस कसा आहे विचारा, ती उंची सांगेल," असं तिची धाकटी बहीण हसत सांगायची.

बहिणीला ऐकताना मान उजवीकडे वळवायची सवय होती, कारण उजव्या कानानं तिला ऐकू येत नसे. नवऱ्यानं दिलेला तो शेवटचा तडाखा. त्यानंतर ती जी ताईकडे आली ती कायमचीच.

एके दिवशी दुपारी टेपबाई खालच्या मजल्यावर कसली तरी सही घ्यायला गेली. अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी एक बाई उभी होती. दोन मुली, बंद तुटलेली एक पिशवी आणि ओठाला टाका. बाई दबक्या आवाजात म्हणाली, "राहायची सोय होते म्हणतात इथं. नवरा मारतो हो."

कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "जागा नाही."

टेपबाई जागच्या जागी थबकली. या गावात पालिकेची कुठली खोली भरलेली आणि कुठली रिकामी हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? जागा नाही म्हणे!

त्या तिघींना ती थेट स्वतःच्या घरी घेऊन गेली. दोन खोल्यांत पाच जणी. बहिणीनं आणखी तीन ताटं काढली.

दुसऱ्या दिवशी टेपबाईनं नोंदवही उघडली आणि एका इमारतीचा वरचा मजला शोधून काढला. कुठली इमारत ते सांगत नाही, का ते पुढे कळेलच. तिथं सहा खोल्या होत्या; आत मोडक्या खुर्च्या, गंजलेले पाण्याचे मीटर आणि छतापर्यंत जुन्या फायली.

ती मुख्याधिकाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, "अहो, ती जागा अभिलेखांना दिलीय."

"साहेब, अभिलेखांना कुणी मारत नाही."

साहेब चपापले. मग हळूच म्हणाले, "ठराव लागेल. सभेत कोण मांडणार?"

टेपबाईनं एका सभासद बाईंना गाठलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, सभागृहातही वर्गासारखाच दरारा राखून असायच्या. पंधरा दिवस टेपबाई संध्याकाळी तिथं शिडी लावून धुळीत मोजमाप करत राहिली. फायली तळघरात किती मावतील, न्हाणीघर कुठं निघेल, जिन्याला दुसरी वाट देता येईल का, सगळं कागदावर उतरलं.

सभेच्या दिवशी गदारोळ झाला. एक सभासद उठून गरजले, "लोकांचे संसार मोडायला पालिकेनं खोल्या द्यायच्या?"

मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "जागेची माहिती विभागाकडून ऐकू या."

टेपबाई उभी राहिली. आकडे जिभेवर होते. तिनं खोल्या सांगितल्या, खिडक्या सांगितल्या, आतून लागणाऱ्या कड्या सांगितल्या.

"पण आहे कुठं ही जागा?" त्याच सभासदांनी विचारलं.

"ते सोडून सगळं सांगते," टेपबाई म्हणाली. "पत्ता पाकिटात बंद करून अध्यक्षांना दिलाय. चार तोंडांना कळला की पाचवं तोंड नवऱ्याचं असतं."

सभागृहात हशा पिकला. तेवढ्यात मागं बसलेल्या लोकांतून कुणीतरी उठलं. टेपबाईनं वळून पाहिलं, तर तिची बहीण!

"मी पण आले होते खालच्या खिडकीवर," बहीण म्हणाली. आवाज थेट अध्यक्षांपर्यंत पोचत होता. "जागा नाही म्हणाले. ताई वरच्याच मजल्यावर होती, पण तिच्या कचेरीत शोभा नको म्हणून गेले नाही. परत गेले घरी. आठव्या दिवशी हा कान गेला. संसार काय पालिकेनं मोडला होता माझा?"

टेपबाईला हे आजवर ठाऊक नव्हतं. तिनं हातातला आकड्यांचा कागद मिटला.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. एकवीस विरुद्ध चार. गरजणारे सभासद खाली बघत होते, पण त्यांचा हात वरच होता.

अडीच महिन्यांत खोल्या तयार झाल्या. दारावर पाटी नाही, टपालाला वेगळा पेटी क्रमांक. टाका घातलेली ती बाई दोन मुलींसह सर्वात आधी आली. धाकटीनं आत जाऊन कडी लावली, उघडली, पुन्हा लावली, आणि ओरडली, "आई, ही आपल्याला लावता येते!"

देखरेखीला पालिकेनं टेपबाईच्या बहिणीला नेमलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून ती मजल्यावर अशी फिरायची, जणू किल्लेदारच.

महिन्याभरानं एक नवरा कचेरीत येऊन टेबल बडवू लागला. खिडकीतला तो कारकून उठून उभा राहिला. "अशा कुठल्याही जागेची आमच्याकडे नोंद नाही," तो म्हणाला. "आणि टेबल सरकारी आहे. पुन्हा हात लावलात तर पोलिसांना बोलावीन." नवरा पाय आपटत निघून गेला.

वर्ष सरायच्या आत त्या सहा खोल्यांतून अकरा जणी स्वतःच्या भाड्याच्या घरांत गेल्या. शेजारच्या गावची नगरपालिका विचारायला आली, तेव्हा साहेबांनी टेपबाईलाच पाठवलं. तिथले अधिकारी हात जोडून म्हणाले, "बाई, इच्छा आहे हो, पण आमच्याकडे जागाच नाही."

टेपबाईनं पदर खोचला. "नोंदवही आणा," ती म्हणाली, "आणि मला एक शिडी द्या."