ओट्यावरचा माठ

माझ्या धाकट्या काकांना बसलेलं पाहिलं आहे, असं सांगणारा माणूस त्या काळी उधन्याच्या अख्ख्या कामगार वस्तीत सापडला नसता. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये बारा तास उभं राहून ते आमच्याकडे येत आणि उभ्यानेच जेवत. ताट खिडकीत, घास हातात, येरझाऱ्या सुरू. जाता-येता माठाचं झाकण उघडून पाणी पीत, पंख्याचं बटण उगाच दाबून बघत. माझ्या बी. ए.च्या परीक्षेला कॉलेजच्या फाटकाबाहेर त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या, की रखवालदाराने विचारलं, "काका, पेपर तुमचा आहे का?" घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, चपला त्यांच्या झिजल्या.

आमचं घर वडील आणि काका, दोघांच्या नावावर. त्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा. वडील गेले आणि काकांनी ठरवून टाकलं, आपला अर्धा हिस्सा वहिनीच्या, म्हणजे माझ्या आईच्या नावे सोडायचा. "मी सडा माणूस. उद्या माले काही झालं तर भाऊबंद हिस्सा मांगाले येतीन."

बँकेच्या साहेबांनी समजावलं, की हिस्सा सोडला तरी बोजा राहतोच आणि कर्जातून तुमचं नावही निघत नाही. त्यांच्या टेबलाभोवती फिरत काका म्हणाले, "तठे कर्जमा नाव ऱ्हाऊ द्या. घरमातून काढा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काका, सब लोग उल्टा करते हैं!"

हक्कसोडपत्र मीच वाचून दाखवलं: दोन खोल्या, न्हाणी, 'समोरच्या ओट्यासह'. काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्या सही केली.

पुढच्या रविवारी ते दाराबाहेरच थांबले. "वहिनी, येऊ का?"

आईचं लाटणं थांबलं. काका आत आले, पण पाण्याला हात लावेनात. आमच्याकडे लेक दिली की बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. काकांनी तो नियम घराला लावला होता! मी कायदा समजावू लागलो, तर आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं. माठ उचलून तिने बाहेर ओट्यावर ठेवला.

"हाऊ ओटा कागदमा नई, भाऊजी. बठा, पाणी प्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "लिखेल नई ना रे?"

मी कागद आणला, उघडला, खोल्यांच्या यादीतल्या शेवटच्या दोन शब्दांवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "नाही."

काका चक्क बसले. पाणी प्यायले आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले. आत पंख्याच्या बटणाला मात्र कुणी हात लावला नाही.