सहाशेच्या लेन्समधून टॉवरवरचं घरटं

माझ्या वहीत पुढून पक्षी असतात आणि मागून किस्से. पुढच्या पानांवर तारीख, वेळ, वारा, ऊन, पक्षी किती आणि काय करत होते. मागच्या पानांवर त्या दिवशी आम्ही काय काय गोंधळ घातले ते. बावीस वर्षं वह्या लिहितोय, आणि दर वेळी मागची बाजू आधी भरते. यंदा मार्चमध्ये तर पाच दिवसांतच अकरा पानं गेली. त्या पाच दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा लांब पल्ल्याची झूम लेन्स हातात धरली होती.

आमचं मंडळ तिघांचं. मी अहमदपूरला कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. सलीमभाईंचं नांदेडला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आणि लातूरचे बिराजदार सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पक्षी बघायला मला त्यांनीच शिकवलं.

अहमदपूरहून नांदेडकडं जाताना एका गावाबाहेरच्या माळावर विजेचा मोठा टॉवर आहे. त्यावर सापमार गरुडाचं घरटं. खालचं शेत गंगाधरमामांचं. बुधवारी त्यांचा फोन आला.

"भाऊ, लाइनवाले येऊन गेले. काड्या तारेवर पडून राहिल्या, लाइट जाऊन राहिली म्हणले. सोमवारी सकाळी घरटं काढणार."

मी लगेच वीज कंपनीच्या इंजिनिअर मॅडमना फोन केला. तरुण होत्या, पण बोलणं नेमकं.

"घरट्यात पिल्लू आहे?"

"असावं. मादी बसून असते."

"असावं म्हणून मला लाइनचं काम पुढं ढकलता येत नाही. पिल्लू असेल तर दाखवा, ते उडेपर्यंत थांबते. नसेल तर सोमवारी साडेसहाला माणूस वर चढेल."

हे गरुड वर्षाला एकच अंडं घालतात. मी वहीत लिहिलं: सोमवार, ६.३०. आणि खाली दोन रेघा मारल्या.

*

माझ्या जुन्या लेन्समधून ते घरटं म्हणजे टॉवरवर अडकलेली टोपली दिसायची. गुरुवारी मी लातूरला सरांकडं गेलो. त्यांच्या मुलानं पाठवलेली दीडशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स कपाटात पडून होती. सरांचा हात दोन वर्षांपासून थरथरतो.

"घेऊन जा," सर म्हणाले. "माझ्या हातात ती आता फक्त भूकंप दाखवते."

गच्चीवर जाऊन मी ती कॅमेऱ्याला लावली आणि झूमची रिंग फिरवली. फिरेना. जोर लावला. तरी फिरेना. सरांनी रुमालानं धरून पाहिली. मनात आलं, चार दिवस उरलेत आणि लेन्स दोन वर्षांत गंजून बसलीय. सलीमभाईंना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, उघडावी लागेल, दुपारी नांदेडला घेऊन येतो.

"आधी फिरवून दाखवा जरा. सावकाश. हां, थांबा. ते बाजूला काळं बटण हाय ना, ते पुढं सरकवा."

सरकवलं. रिंग लोण्यासारखी फिरली.

"कुलूप हाय ते, भाऊ," सलीमभाई म्हणाले. "लेन्स आपोआप लोंबू नये म्हणून. तुम्ही दोघं मास्तर लोक दार न उघडताच भिंत पाडायला निघाले होते."

*

शुक्रवारी पहाटे सहाला मी आणि सलीमभाई माळावर. टॉवरपासून दोनशे पावलं लांब ट्रायपॉड लावला, लेन्स थेट सहाशेवर नेली आणि डोळा लावला.

आभाळ.

थोडं डावीकडं केलं. आभाळ. उजवीकडं. आभाळ. खाली आणलं तर मामांच्या म्हशीचा कान, इतका मोठा की मी दचकलो. सहाशेवर बोटभर हललं तरी तिकडं दोन एकर निघून जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नुसत्या डोळ्याला घरटं समोर दिसतंय, लेन्समध्ये काही केल्या सापडत नाही, आणि सूर्य वर येतोय.

"मोठा काटा बघून मग सेकंद काटा बघायचा," सलीमभाई म्हणाले. "दीडशेवर या. घरटं मधोमध धरा. मग मोठं करत जा."

तसं केलं. मादी दिसली. पिवळा डोळा, छातीवरच्या रेघा, चोचीवर चिकटलेलं गवत. इतक्या वर्षांत ती माझ्याकडं बघते की नाही हे मला माहीत नव्हतं. ती बघत होती.

पण ती बसूनच राहिली. तिच्याखाली काय आहे ते लेन्सलाही दिसेना. साडेनऊला ती जरा उठली. मी धडाधड फोटो काढले. स्क्रीनवर पाहिलं तर सगळं पाण्यात बुडवल्यासारखं. घरटं, गरुड, टॉवर, सगळं विरघळलेलं. लेन्सच खराब, असं म्हणत मी सरांना फोन लावला.

"किती वाजता काढले?"

"साडेनऊ."

"खाली काय आहे?"

"नांगरलेलं रान."

"चुलीपलीकडं बसलेला माणूस कसा दिसतो? हलतो ना? माणूस हलत नाही, मधली हवा हलते. तुझी लेन्स ठीक आहे. आठनंतर तिला झाकून ठेव आणि घरी जा."

म्हणजे रोजचे दोनच तास. आणि आता दिवस उरले होते दोन.

*

शनिवारी पावणेसातला मादी कुशीवर झाली आणि तिच्या पोटाखाली काहीतरी पांढरं दिसलं. एक क्षण. वहीत नोंद आहे: "६.४८. पांढरं. पिल्लू? पीस?" मी पुन्हा डोळा लावणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"किती मीटर जाऊन राहिलं?"

वळून पाहिलं तर सात-आठ माणसं. हातात काठ्या. दोन मोटारसायकली बांधावर आडव्या लावलेल्या. त्या भागात नव्या रस्त्याची बोलणी चालू होती. तीन पायांवर उभं यंत्र आणि शेजारी वहीत आकडे लिहिणारा माणूस, एवढं पाहून गाव जमलं होतं.

"मोजणी नाही हो. पक्षी बघतोय."

"मागच्या बारीला बी असंच म्हणले," एक म्हातारे म्हणाले. "झाडं बघून राहिलो म्हणले. मग खुट्ट्या ठोकल्या. वही दाव."

एकानं ट्रायपॉडचा पाय धरला. सलीमभाईंनी लेन्सखाली दोन्ही हात धरले, बाळ धरावं तसे. मी वही उघडून दिली. एक शिकलेला गडी मोठ्यानं वाचू लागला: "सहा बारा, मादीनं मान वळवली. सहा एकोणीस, मादीनं मान परत वळवली. सहा सत्तावीस, काही नाही."

तो थांबला. म्हाताऱ्यांकडं बघून म्हणाला, "आबा, ह्याला सरकार पगार देणार न्हाई."

काठ्या खाली आल्या. तोवर मामाही पळत आले. आबांनी लेन्सला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "एवढं बघायचंच हाय तर इतक्या लांबून कशाला? जवळ जा की."

*

आणि मी गेलो. हे आबांच्या माथी मारणार नाही. ते पांढरं काय आहे हे मला बघायचं होतं, आणि तो सबंध दिवस हातातून जाईल असं वाटत होतं. ट्रायपॉड खांद्यावर टाकून मी साठ पावलं पुढं गेलो.

एकसष्टाव्या पावलाला मादी उडाली.

मी जागीच बसलो. मग वाकून, जवळजवळ रांगत मागं आलो. ती वर घिरट्या घालत राहिली, घरट्यावर उतरेना. ऊन चढत होतं. पिल्लू असलंच तर ते उघड्यावर होतं, आणि मी ते वाचवायला आलेला माणूस. सलीमभाई घड्याळाकडं बघत होते. एकोणीस मिनिटांनी ती उतरली.

परत येताना मी वही काढून मागची बाजू उघडली.

"मागं न्हाई," सलीमभाई म्हणाले. "हे पुढं लिहा. पक्ष्याच्या पानावर."

*

रविवारी सर पहिल्या एसटीनं लातूरहून आले. शनिवारचा धडा घेऊन मी यावेळी दुप्पट सावध होतो. दोनशे पावलांवर एक बाभूळ होती, तिच्या आड बसलो. सरांनी ट्रायपॉडच्या मधोमध माझी पाण्यानं भरलेली पिशवी अडकवली, म्हणजे वाऱ्यानं हलणार नाही. मग हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

सात वाजून पाच मिनिटांनी नर आला. चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती, बाकीचा साप गिळलेला. तो घरट्याच्या काठावर बसला. मादी बाजूला झाली. मी श्वास धरला आणि बटण दाबलं ते सोडलंच नाही.

"फोटो आला का?" सर कुजबुजले.

"आला."

एकतीस फोटो. स्क्रीन छोटी, उन्हात धड दिसेना, म्हणून नांदेडला सलीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकतीसच्या एकतीस फोटोंत समोरच्या बाभळीचा काटा. इतका स्पष्ट की त्यावरच्या मुंगळ्याच्या मिशा दिसत होत्या. मागं धुक्यात टॉवर, टॉवरवर डाग, डागात एक पांढरा ठिपका. लेन्सनं आपलं काम चोख केलं होतं. बटण दाबताच तिच्यापुढं जे सगळ्यात जवळ होतं ते पकडलं होतं.

शेवटी सर म्हणाले, "तरी पाठव. ठिपका तर आहे."

मी पाठवला. दहा मिनिटांनी मॅडमचं उत्तर आलं: "काटा छान आलाय. पिल्लू कुठे आहे?"

*

सोमवारी मी यादी करून निघालो. बॅटरी, ट्रायपॉडची पट्टी, पुसायचं कापड, वही, पेन, कार्ड. प्रत्येकापुढं बरोबरची खूण केली. सर रात्री माझ्याकडंच मुक्कामी होते. सव्वासहाला आम्ही माळावर, बाभळीपासून चांगलं बाजूला. नांदेडहून सलीमभाई मोटारसायकलवर आले. पाठोपाठ गाडीतून मॅडम, दोन लाइनमन, दोर आणि पोतं. लाइन बंद घेतलेली होती, आणि तशी फार वेळ ठेवता येणार नव्हती.

मी घरटं दीडशेवर धरलं, सहाशेवर नेलं. फोकस मादीच्या डोळ्यावर. बटण दाबलं. दाबलं जाईना. स्क्रीनवर लिहून आलं: कार्ड नाही.

मी सलीमभाईंकडं पाहिलं.

"ते तर दुकानात, कॉम्प्युटरला," ते म्हणाले. "तुम्ही काढलं असंल म्हणून मी..."

यादीत कार्डापुढं खूण होती. ते मी काल शेवटचं कॉम्प्युटरला पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणजे आहे, असं धरलं होतं.

"फोटो?" मॅडमनी विचारलं.

"फोटो नाही, मॅडम."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि टॉवरकडं हात केला. लाइनमननं पट्टा बांधला, चढू लागला. तो माणूसभर वर गेला आणि मादी उडाली. घरट्यात काहीच दिसेना. नुसत्या काड्या. मी लेन्सवरून डोळा काढला, कारण मला पुढचं बघायचं नव्हतं.

सरांनी माझा खांदा धरून मला बाजूला केलं. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून लेन्सला त्यांनी बोटही लावलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "एकदा डोळा लावा. हात लावू नका, नुसता डोळा."

त्या वाकल्या. मी वेळ लिहिली. ६.५२.

लाइनमन अर्ध्यावर पोचला. वर मादी ओरडत होती. सलीमभाई खाली मातीकडं बघत उभे होते.

६.५४. मॅडम तशाच.

६.५५. त्यांचा उजवा हात उठला, तळवा टॉवरकडं. डोळा लेन्सवरून हलला नाही.

"मॅडम, चढू का पुढं?" वरून आवाज आला.

हात तसाच वर.

"मॅडम?"

"उतर," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की ते फक्त आम्हालाच ऐकू आलं. मग त्यांच्या लक्षात आलं. तरी मोठ्यानं हाक न मारता त्यांनी सलीमभाईंना खूण केली. "तुम्ही जाऊन सांगा त्याला. म्हणावं, उतर. पण आवाज न करता."