एक कमी शे... परत मोज

लिंबू-मिरची टांगलेल्या दुकानातून मी मुद्दाम सामान घेत नाही — या बाबतीत मी इतका हट्टी. कॉम्प्युटरची कामं करणारा माणूस. बिघाड झाला की त्याला कारण असतंच, एवढाच माझा धर्म. म्हणून हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहितो.

मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, भडगाव तालुक्यातल्या एका गावी शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही, शाळेतच रमली. लहान मुलांसाठी आम्ही दोघांनी मिळून खेळांची एक वेबसाइट केली होती. शाळेतले कॉम्प्युटर जुने, त्यांत काही नवं भरायला गेलं की रुसून बसायचे, म्हणून सगळे खेळ ब्राउझरमध्येच चालणारे. पोरांचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे 'केळी मोज'. पडद्यावर केळीचा घड दिसतो, केळी मोजून आकडा सांगायचा. आवाज अक्काचा. बरोबर आलं की "शाब्बास", एक कमी सांगितलं की "एक कमी शे... परत मोज." मी म्हटलं, जरा शुद्ध बोल. तर म्हणाली, "पोरं घरी अहिराणी बोलतात, मीही तसंच बोलीन. तू तुझी बटणं सांभाळ."

गेल्या हिवाळ्यात अक्का आजारपणात गेली. जूनमध्ये शाळा उघडली की खेळाला दुसऱ्या बाईंचा आवाज घालायचं मी ठरवलं, कारण तिचा आवाज मला ऐकवत नव्हता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी त्या कामाला बसलो. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली ती त्याच दिवशी. जुना खेळ एकदा शेवटचा बघावा म्हणून घड मोजला, आकडा टाकला. "एक कमी शे... परत मोज." पुन्हा मोजला. तेवढाच भरला, आणि उत्तरही तेच. मग मुद्दाम एक वाढवून सांगितला... तरी "एक कमी शे." दुसरा ब्राउझर उघडला, मोबाइलवर लावून पाहिलं. तेच! कोडला तर कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नव्हता. माझं डोकंच फिरलं.

वैतागून सोनवणे सरांना फोन लावला. अक्काच्या जागी आलेले हे शिक्षक. सुट्टीसाठी धुळ्याला घरी निघाले होते, पारोळ्याला चहाला थांबले होते.

"सर, आज शाळेत केळीचा खेळ नीट चालला का? इथं अक्का सारखी म्हणतेय, एक कमी शे, परत मोज."

मी आपला गमतीनं बोललो. पण सरांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ," ते म्हणाले, "कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावायच्या आधी अक्का दारात उभ्या राहून पोरं मोजायच्या. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून. मीही रोज तसंच करतो. पण आज लाइट गेली, सगळ्यांना सणाची घाई... आज मी मोजली नाहीत."

"अहो, कोणी राहिलं असतं तर घरच्यांनी शोधलं नसतं का?"

"मी फोन करतो," म्हणून त्यांनी माझा फोन ठेवलासुद्धा.

दुसरी किल्ली खिचडी करणाऱ्या मावशींकडे असते. त्यांनी जाऊन दार उघडलं. वर पत्रा, खिडक्या बंद, आणि खानदेशातलं ऊन. कोपऱ्यातल्या टेबलामागे दुसरीतली हर्षा पडलेली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही. कुणाच्या तरी रिक्षात घालून तिला भडगावला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत पोर राहिली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

तिला कुणीच शोधत नव्हतं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात. हर्षाची आई, वंदनाताई, सकाळीच गेल्या होत्या आणि मामा हर्षाला शाळेतून परस्पर नेणार होता. मामाला ती फाटकाशी दिसली नाही, त्याला वाटलं हट्ट करून घरीच आजीपाशी थांबली. आजीला वाटलं, मामानं नेली. दोन्ही घरं निर्धास्त!

पोर सापडल्याचा सरांचा फोन आला, तेव्हा खेळ समोर उघडाच होता. मी पहिलाच आकडा पुन्हा टाकला. "शाब्बास." त्यानंतर मी ओळ न् ओळ तपासली आहे, माझ्याहून हुशार मित्रांना दाखवली आहे. त्यांना चूक सापडली नाही, मलाही नाही. योगायोग म्हणा हवं तर. मला तसं म्हणवत नाही.

मी दवाखान्यात पोचलो तोवर हर्षा शुद्धीवर आली होती. टेबलामागे डोळा लागला, एवढंच तिला आठवत होतं. वंदनाताईंनी माझा हात धरला.

"भाऊ, अक्काले पोरसोर नही ना? मंग तिना नावनी घागर यंदा मी भरसू."

गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला घरची माणसं पाण्याची घागर पुजतात. मी म्हटलं, ताई, तुम्ही काही नात्यातल्या नाही.

"नातं काय पुसतस? मन्ही पोर वाचनी."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी घागर मांडली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचा घास टाकताना गेलेल्या माणसाचं नाव घेतात. त्या थांबल्या.

"भाऊ, अक्कानं खरं नाव काय व्हतं?"

मी नाव सांगितलं, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा, परक्याच्या घरी, मोठ्यानं रडलो.