राणीच्या काळातली आया

"हा तुझा," म्हणत मेधाताईंनी माझ्या हातात पांढरा एप्रन ठेवला.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या त्यांच्या हॉलमध्ये आमच्या ग्रुपच्या सगळ्या मराठी बायका इंग्लंडच्या जुन्या काळातल्या वेशात सजून बसल्या होत्या. कुणी एलिझाबेथन, गळ्याभोवती कागदाची चुणीदार कॉलर. कुणी जॉर्जियन. कुणी एडवर्डियन, पिसांची टोपी घालून. मेधाताई स्वतः व्हिक्टोरिया, काळ्या रेशमात. लंडनची ट्रिप करून आल्यापासून त्यांच्या डोक्यात या चहाचा बेत होता. कपडे मी देते, असं त्यांनीच कळवलं होतं.

"मी कोण?"

"तू आया. चहा तू द्यायचा. त्या काळात आपल्याकडच्या बायका आया म्हणून जायच्याच की विलायतेला."

"आपल्याकडच्या?"

त्या हसल्या. "बरं बाई, तुमच्याकडच्या."

कुणीतरी खुदकन हसलं.

तुमच्याकडच्या म्हणजे काय, ते त्या घरात सगळ्यांना कळलं. आम्ही पहिल्यांदा तिथे जेवायला गेलो तेव्हा आडनावावरून काही लागेना, म्हणून मेधाताईंच्या नवऱ्याने, अजितने, विचारलं होतं, "गाव कुठलं? आणि गावात घर कुठल्या बाजूला?" मी सरळ सांगितलं. त्यानंतर पॉटलकला, प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणायचा असतो त्या जेवणाला, माझ्या वाट्याला भाजी आली नाही, आमटी आली नाही. "तू ऑफिसातून दमून येतेस गं. तू आपला बर्फ आण, पेपर प्लेट्स आण." दमून सगळ्याच यायच्या. त्यांच्या हातचं चालायचं.

अजित दारात फोन घेऊन उभा होता, फोटो काढायला. तो ऑफिसात माझा डायरेक्टर. कंपनीमार्फत चाललेली माझ्या ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या टप्प्यावर आहे. आत्ता नोकरी गेली तर काय होईल सांगता येत नाही. मुलगी पुढच्या वर्षी एकवीस वर्षांची होईल. त्याआधी कार्ड आलं नाही तर माझ्या व्हिसावर तिला इथे राहता येणार नाही. अजितला हे माहीत आहे. मंजुरीच्या मेल त्याच्याकडूनच जातात.

बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. कुणी दिवा लावला नव्हता, मेणबत्त्या होत्या. त्या काळासारख्या.

माझ्या आजोबांचे आजोबा याच व्हिक्टोरिया राणीच्या पलटणीत होते. तिच्यासाठी बंदूक धरायची आणि सुट्टीवर गावी आलं की विहिरीपासून लांब उभं राहायचं. त्यांची बायको गावाचे रस्ते झाडायची. राणीने आमचं गाव जन्मात पाहिलं नाही, तरी काळ राणीचा. झाडणारीच्या नावाचा काळ नसतो. आणि इथे अमेरिकेत राणी उसनी आणली, तरी झाडणारी यांना घरचीच लागते.

मी एप्रनची घडी घातली आणि किटलीशेजारी ठेवली. खुर्ची ओढून बसले.

"मी चहा देणार नाही. प्यायला आलेय."

"अगं, नुसती थीम आहे!"

"मग एप्रन तुम्ही घाला."

मेधाताई अजितकडे बघायला लागल्या. "यार, एवढं पर्सनली काय घेतेस?" तो म्हणाला. "सगळ्यांचा मूड स्पॉइल केलास." मग आवाज खाली आणून, हसत, "सोमवारी बोलू." कुणाला काढायचं असलं की ऑफिसातही तो असाच हसतो.

मी माझ्या हाताने चहा ओतला. पूर्ण कप प्यायले. त्यानंतर त्या किटलीला कुणी हात लावला नाही. चहा तसाच गार झाला. एडवर्डियन बाई खिडकीबाहेर बघत राहिली.

हे कालचं. आज रविवार. मघाशी उद्याच्या मीटिंगचं निमंत्रण आलं. अजित आणि एचआर. विषयाची जागा रिकामी. मुलीने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"मॉम, जस्ट से सॉरी. प्लीज."

"नाही."

"आय माइट हॅव टू लीव्ह!"

"माहितेय मला."

ती खोलीत गेली. दार लावून घेतलं.

उद्या ते माझ्या कामात चुका काढतील. काढू देत. एचआरच्या बाईला जात म्हणजे काय ते ठाऊक नसेल. मी तिला पहिल्यापासून सांगणार आहे, अजितकडे बघत, एकही नाव न गाळता. तिला कळेपर्यंत सांगणार आहे. फाइल थांबेल, बहुतेक थांबेलच. मुलीला जावं लागलं तर कशासाठी जातेय हे तिला पक्कं माहीत असेल. माफी मागून मिळवलेलं कार्ड मी तिच्या हातात ठेवणार नाही.