मॅच आणि प्युरीचा डबा

मॅचच्या दिवशी आमच्याकडे बाबा स्वयंपाक करतात. ते टीव्हीसमोर बसले की आपली विकेट पडते, असं घरात कधीतरी ठरलं आणि त्यांनीही ते निमूट मान्य केलं. सगळं लक्ष कॉमेंट्रीकडे, त्यामुळे टोमॅटो चिरायची त्यांना बंदी आहे. ते टोमॅटो प्युरीचा डबा उघडतात, परतलेल्या कांदा-लसणावर ओततात, उकडलेला राजमा घालतात. या पदार्थाला नाव नाही. तो पावाबरोबर खायचा.

काल शेवटच्या षटकात आईने हाक मारली, "अहो, या आता. जिंकतोय आपण."

"नको. तुम्ही सांगा मला," बाबा आतून म्हणाले.

माझ्या जागेवरून ते पाठमोरे दिसत होते. रस्सा रटरटत होता, हातातला डाव मात्र थांबला होता. माझ्या परीक्षांच्या निकालालाही ते असेच दूर थांबायचे आणि आईला पुढे पाठवायचे. आपल्या किती आनंदांच्या वेळी कुणीतरी असं पाठ करून उभं असेल, कोण जाणे.

आम्ही जिंकलो. बाबा वाडगे घेऊन आले, शर्टावर लाल शिंतोडे. टीव्हीवर तेच षटक पुन्हा दाखवत होते. ते दारातच थांबले.

"आता बघितलं तर चालेल ना?"